जगबुडी बाजारात

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभरात एक शब्द झाला नाही. एक म्हणजे अक्षरशः एक. एका परदेशी मालिकेचे मराठी सबटायटल करतेय. सहाव्या भागात आकाशातून भलीमोठी उल्का येते, शास्त्रज्ञ बाई खिडकीपाशी उभी राहते आणि जगाच्या अंताला त्यांच्या भाषेत जे म्हणतात ते म्हणते. मी लिहिलं, ‘जगबुडी’. तपासणाऱ्या मुलानं परत पाठवलं. “ताई, उल्का पडतेय. बुडतंय कुठे?”

बिनतोड आहे. ‘प्रलय’ लिहावं तर तेही शेवटी पाणीच, मनू आणि त्याची नाव. ‘कयामत’ला हिंदी पिक्चरचा वास. ‘महाविनाश’ तर कुणी तोंडानं बोलतच नाही, तो मथळ्यात राहतो.

मग दुपारी चहा करताना लक्षात आलं की आमच्याकडे सगळं बुडतंच. पैसे बुडतात, बँक बुडते, शाळा बुडवतात, धंदा बुडतो, कुळाला बुडवणारा दिवटा तर घरोघरी. कोकणात सूर्यसुद्धा मावळण्याआधी बुडतो, दिवस बुडाला की गाई घरी. तुकोबांनाही लोक जळताना किंवा पडताना दिसले नाहीत, ‘बुडती हे जन न देखवे डोळां’. आता अशा भाषेत उल्केनं जग संपवायचं म्हणजे त्या उल्केनं समुद्रात तरी पडावं.

आणि मी कोकणातल्या खेडची. आमच्या गावाला जी नदी आहे तिचं नावच जगबुडी. पुण्यात नवीन माणसाला सांगितलं की तो हसतो, मग विचारतो, खरंच? खरंच. दर पावसाळ्यात टीव्हीवर पट्टी येते, ‘जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली’. ही पातळी 7 मीटर. जगाचा अंत किती मीटरवर आहे हे मोजायची सोय आणखी कुठे असेल असं वाटत नाही.

चारच्या सुमारास आईचा फोन. “जगबुडी बाजारात आलीय गं. मच्छी मार्केट भरलं. नारिंगीपण फुगलीय, दापोली रस्ता बंद.” आवाजात काही नाही. पाहुणे आलेत म्हणाली असती तर जास्त धावपळ ऐकू आली असती. मागे बाबांचं दुकान आवरणं चालू होतं, पत्र्याचे डबे माळ्यावर चढवल्याचा आवाज. आधी खालच्या फळीवरची साखर, मग चहा पावडर, मग वह्या. मीठ शेवटी, कारण मीठ स्वस्त. हा क्रम मला सातवीपासून पाठ आहे. मी विचारलं, भरती किती वाजता? कारण आमच्याकडे पावसापेक्षा तो प्रश्न मोठा. जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते, वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत जाते, आणि समुद्राला भरती असली की पाणी उतरायला जागाच नसते. “संध्याकाळी आहे,” आई म्हणाली. “रात्री ओहोटी लागली की बघू.”

आजी होती तेव्हा ती अशा वेळी मला मांडीवर घ्यायची आणि मी रडले की म्हणायची, “काय कल्पांत मांडलाय पोरीनं!” कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, 432 कोटी वर्षं. त्याचा अंत म्हणजे कल्पांत. आणि आम्ही तो शब्द फ्रॉक भिजला म्हणून रडणाऱ्या पोरीला दिला! मला मराठीचा हा उर्मटपणा फार आवडतो.

स्वस्त व्हायला मात्र वेळ लागतो. पानिपत 1761 चं, तेव्हा घराघरातला माणूस गेला. आता पोरं कॅरमला हरली तरी पानिपत होतं. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर एवढी वर्षं गेली, अजून कुणी ‘आमचं किल्लारी झालं’ असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. म्हणूही नये. ज्यांनी ढिगारे उपसले ती माणसं अजून आहेत.

2021 च्या जुलैत, 22 तारखेला, चिपळूण बुडालं, खेड बुडालं. आमच्याच तालुक्यात पोसऱ्याला दरड आली, 17 माणसं गेली. दोन दिवस फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मी दुकानाचं विचारत होते. आई दुकानाबद्दल काहीच बोलली नाही. “पोसऱ्याला दरड आली,” एवढंच, आणि मग बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. प्रलय नाही, हाहाकार नाही, काही नाही. तिच्या तोंडी एरवी ‘सत्यानाश’ हा शब्द दूध उतू गेलं तरी असतो.

संध्याकाळी शब्द शोधायच्या नावाखाली दासबोध काढला. दहाव्या दशकात पंचप्रळयाचा समास आहे. मला वाटलं होतं आग, वारा, बारा सूर्य असलं काही असेल. तेही पुढे येतं, पण यादी सुरू होते झोपेपासून. माणूस गाढ झोपला की एक प्रळय, मेला की दुसरा. ब्रह्मांडाची पाळी त्यानंतर. ही यादी त्या तपासणाऱ्या मुलाला पाठवायची इच्छा झाली, पण बिचाऱ्याला अजून चार भाग तपासायचेत.

तूर्त ओळीत ‘संपलं सगळं’ लिहून ठेवलंय. बाईंचे ओठ थोडे जास्त हलतात, हलू देत.

अकरा वाजता आईचा निरोप आला, व्हॉट्सॲपवर, बोलून पाठवलेला. “ओहोटी लागली. पाणी मार्केटच्या खाली गेलं. दुकानात दोन फूट होतं, मीठ तेवढं गेलं. तुझे बाबा विचारतायत, मोठा खराटा तू गणपतीत आलेलीस तेव्हा कुठे ठेवलास? सकाळी गाळ सुकायच्या आत काढायला हवा. मी झोपते आता.”

खराटा मागच्या पडवीत, नळाच्या वर, खुंटीला. तसं लिहून पाठवलंय. अजून बघितलेलं दिसत नाही.