फुली मारलेला शब्द

नऊ मुली, नऊ गठ्ठे, नऊ पेन्सिली. दुपारी गठ्ठे परत आले तेव्हा सात जणींनी एकाच शब्दावर फुली मारलेली दिसली. नेमक्या त्याच शब्दावर आम्ही अख्खं पुस्तक उभं केलं होतं.

हस्तलिखित २२ हजार शब्दांचं, १४ प्रकरणांचं. नऊ ते बारा वयाच्या मुलींसाठी मराठी ख्रिस्ती कादंबरी. अमेरिकेत या वयोगटाला ‘ट्वीन’ म्हणतात आणि तिथल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत त्यांच्यासाठी वेगळं कपाट असतं. आपल्याकडे वेगळं कपाट सोडा, एक फळी भरणंही कठीण. आमची नायिका बारा वर्षांची, सातवीतली, सावळी, चर्चच्या गायनवृंदात कायम मागच्या रांगेत उभी राहणारी. नायिका वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी लागते. दहा वर्षांची मुलगी बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट हौसेने वाचते, उलट मात्र होत नाही. या नायिकेला नाताळच्या नाटिकेत येशूची आई मरीया व्हायचंय आणि दरवर्षी तिच्या वाट्याला मेंढपाळ येतो. नवव्या प्रकरणात आजी तिला बायबलच्या स्तोत्र १३९ मधलं चौदावं वचन सांगते आणि तिच्या मनातला न्यूनगंड जातो, असा आराखडा होता.

संपादक म्हणून माझं काम वाचन-चाचणी घेण्याचं. मे महिन्यात, सुट्टीतल्या बायबल शाळेच्या चौथ्या दिवशी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चच्या मागच्या खोलीत ती झाली. चाचणीचे काही नियम मोडले की ती फुकट जाते. मुली सहा ते दहाच हव्यात, कारण त्याहून जास्त झाल्या की दोघी-तिघीच बोलतात. खोलीत कुणाची आई नको, पाळकांच्या घरचं कुणी नको आणि लेखिका तर नकोच. मजकूर १६ पॉइंटात, पानाच्या एकाच बाजूला, उजवीकडे तीन बोटं समास सोडून छापायचा. ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. चर्चमध्ये वाढलेली मुलगी ‘हो टीचर’ म्हणते आणि विषय संपतो. त्याऐवजी तीन खुणा शिकवायच्या: कळलं नाही तर प्रश्नचिन्ह, कंटाळा आला तर आडवी रेघ, खोटं वाटलं किंवा पटलं नाही तर फुली. आधी मनातल्या मनात वाचन, मग तेच प्रकरण मोठ्याने, आणि बोलणं सगळ्यात शेवटी. दीड हजार शब्दांच्या प्रकरणाला मोठ्याने वाचायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. बाराव्या मिनिटापासूनच मुली चटईच्या काड्या उपसायला लागतात.

त्या दिवशी तीन प्रकरणं होती: दुसरं, नववं आणि शेवटचं.

दुसऱ्यात नायिका आरशासमोर उभी राहून आपला चेहरा न्याहाळते. नऊपैकी आठ गठ्ठ्यांवर आडवी रेघ. आरशाचा प्रसंग हा या प्रकारातला सगळ्यात झिजलेला प्रसंग आहे, आणि तो मुळात मोठ्यांच्या नजरेतून लिहिला जातो. अकरा वर्षांच्या मुलीला आपलं रूप आरशात कळत नाही, ते दुसऱ्याच्या बोलण्यात कळतं. एकीने सांगितलं, “मला कुणी काही म्हणत नाही, फक्त फोटोच्या वेळी मागे उभं करतात.” आरशाच्या दोन पानांऐवजी हे एक वाक्य पुरेसं होतं.

मग नववं प्रकरण. वचन बायबल सोसायटीच्या मराठी पवित्र शास्त्रातून जसंच्या तसं घेतलेलं: “भयप्रद व अद्भुत रीतीने माझी घडण झाली आहे म्हणून मी तुझे उपकारस्मरण करतो.” ‘उपकारस्मरण’ला प्रश्नचिन्हं मिळतील अशी माझी अटकळ होती. तिथे दोनच होती, कारण तो शब्द प्रार्थनेत रोज कानावर पडतो. फुल्या पडल्या होत्या ‘भयप्रद’वर.

“भयप्रद म्हणजे भयानकच ना, टीचर?” पाचवीतली एक मुलगी म्हणाली. “आधीच ती काळी म्हणून रडतेय, आणि आजी म्हणते देवाने तुला भयानक बनवलं.”

कुणी हसलं नाही. वचन सगळ्यांना पाठ होतं. गेल्या वर्षी पाठांतराच्या स्पर्धेत ते होतं आणि त्यावर बक्षिसंही मिळाली होती. त्याचा अर्थ कुणी त्यांना विचारला नव्हता, आणि ते आपल्याबद्दल आहे असं तर कुणालाच वाटलं नव्हतं.

इंग्रजीतून आलेल्या नमुन्यांवर विसंबल्याची ही किंमत होती. तिकडे मुलींच्या ख्रिस्ती कथांत हे वचन हुकमी पत्त्यासारखं वापरतात, कारण तिथल्या ‘फिअरफुली’ या जुन्या इंग्रजी शब्दाला आता आदराची छटा चिकटलेली आहे. मूळ हिब्रू शब्द ज्या धातूपासून येतो त्यात भीती आणि आदरयुक्त दरारा दोन्ही आहेत. ‘परमेश्वराचे भय’ म्हणताना जे भय असतं, तेच हे. देवाची करणी पाहून माणूस थक्क होतो, दबकतो, असा अर्थ. मराठीत मात्र ‘प्रद’ लावलं की आरोग्यप्रद, लाभप्रद, तसं भयप्रद: भय देणारं. मुलींनी व्याकरण अचूक लावलं होतं.

दुसरी अडचण एका गठ्ठ्याच्या समासात सापडली. ‘करतो’ या शब्दाभोवती गोल करून शेजारी लिहिलं होतं, ‘मुलगा?’ स्तोत्राच्या शीर्षकात दावीद राजाचं नाव आहे, म्हणून मराठीत क्रियापद पुल्लिंगी. हिब्रूत या जागी प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेदच नाही, इंग्रजीतही नाही. त्यामुळे त्या भाषांत मुलगी हे वचन वाचते तेव्हा ते आपोआप तिचं होतं. मराठीत तिला आधी दावीद व्हावं लागतं. इतकी वर्षं हे काम करताना माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

शेवटच्या प्रकरणात वेगळाच घोटाळा. मरीया होणाऱ्या गोऱ्या मुलीला ऐन वेळी ताप येतो आणि भूमिका नायिकेला मिळते. सहा फुल्या. “म्हणजे हिने प्रार्थना केली म्हणून ती आजारी पडली?” लेखिकेच्या मनात तसं काहीही नव्हतं. पण आठव्या प्रकरणात प्रार्थना आणि चौदाव्यात दुसरीला ताप, मध्ये दुसरं कारण नाही, म्हटल्यावर वाचक दोन्हींची गाठ मारणारच. प्रार्थना आणि फळ यांच्यामध्ये नायिकेची स्वतःची कृती नसेल तर देव चिठ्ठी टाकली की वस्तू देणाऱ्या यंत्रासारखा दिसतो, आणि मुलीच्या हाती काहीच लागत नाही.

राहिलेल्या वेळात आजीसाठी पर्यायी वचन शोधू म्हटलं. पहिलं सुचलं ते बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं १६:७, माणूस बाहेरचं पाहतो आणि परमेश्वर हृदय पाहतो ते. सहावीतल्या एकीने बायबल उघडून पुढच्या ओळी वाचल्या आणि बाराव्या वचनाशी थांबली. तिथे दावीद आत येतो आणि तो देखणा, सुंदर डोळ्यांचा होता असं लिहिलं आहे. “मग हृदय पाहून शेवटी देखणाच घेतला की!” वचन तोडून वापरलं की हे होतं. मुलं पुढची ओळ वाचतात.

बायबलमधल्या गीतरत्न या प्रेमकाव्याच्या पहिल्या अध्यायाचं पाचवं वचन मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ‘काळी, तरी सुरूप’ असा जुन्या भाषांतरांचा सूर. हिब्रूत मधलं अव्यय नुसतं ‘व’ आहे, त्याचा अर्थ ‘आणि’ही होतो, ‘पण’ही. १९८९च्या एका प्रमुख इंग्रजी भाषांतराने ‘काळी आणि सुंदर’ असं केलं. फळ्यावर दोन्ही लिहिली. मुलींनी काही चर्चा केली नाही, फक्त एकीने उठून ‘तरी’ पुसला. गीतरत्नाचा बाकीचा भाग या वयाचा नाही, त्यामुळे कादंबरीत ते एक वचन आणि त्याच्या पुढचं, भावांनी द्राक्षमळे राखायला लावले म्हणून ऊन लागलं हे सांगणारं, एवढंच घ्यायचं ठरलं.

लेखिकेला पाठवलेल्या टिपणात मग पुढच्या गोष्टी गेल्या. आरसा काढा, फोटोची रांग घाला. आजीच्या तोंडी सलग दोन वाक्यांपेक्षा जास्त उपदेश नको. मराठी ख्रिस्ती कथेला ही खोड जुनी आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात त्या बाबा पदमनजींच्या १८५७च्या ‘यमुनापर्यटन’मध्येही पात्रं बोलता बोलता प्रवचनाला लागतात. ताप रद्द. गोरी मुलगी मरीयाच राहील, नायिका मेंढपाळच राहील. पण बायबलच्या गणना या पुस्तकातल्या २७व्या अध्यायातल्या सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, वडिलांच्या वतनासाठी थेट मोशेसमोर उभ्या राहतात, ती गोष्ट बाराव्या प्रकरणात येईल. ती ऐकून नायिका चौघींना घेऊन नाताळ समितीपुढे जाईल आणि भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा म्हणेल. समिती ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणेल. समित्या तसंच म्हणतात. मागणी मान्य झालेली दाखवली असती तर त्या नऊ जणींनी पुन्हा फुली मारली असती.

स्तोत्राचं वचन काढायचं नाही असंही ठरलं. ते आजीकडून मलम म्हणून येण्याऐवजी दुसऱ्याच प्रकरणात, पाठांतराचं वचन म्हणून येईल, आणि नायिका ‘भयप्रद’चा अर्थ चुकीचा लावेल. तो प्रश्न सात प्रकरणं तिच्या मनात घोळेल. नवव्यात आजी डोंगरावर वीज पडताना तिला घट्ट धरून उभी राहील आणि विचारेल, “भ्या वाटलं ना? नजर हलली का पण?”

‘करतो’चा प्रश्न उरला. उद्धृत वचनात एक अक्षर बदलता येत नाही. हक्क बायबल सोसायटीचे, आणि अवतरणचिन्हांत बदल करणं तसंही गैर. म्हणून छापील वचनात ‘करतो’ राहिलं. तेराव्या प्रकरणात नायिका ते आपल्या वहीत उतरवते, तिथे अवतरणचिन्हं नाहीत, संदर्भ नाही, आणि तिथे ‘करते’ आहे. मुद्रितशोधकाने पहिल्या प्रुफात ते दुरुस्त करून ‘करतो’ केलं होतं. समासात ‘आहे तसे ठेवा’ लिहून परत पाठवलं.