फाल्गुनापासून मिरगापर्यंत आम्ही घरीच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता येतोच, पुण्याची नणंद विचारते, ऑफिसातल्या नवीन मुली विचारतात, फोनवर जुन्या मैत्रिणी विचारतात, की गोव्यात राहता आणि शनिवार-रविवार घरीच? बीचवर वगैरे नाही जात? मग दिवसभर करता तरी काय? एका वाक्यात काही सांगता येत नाही म्हणून मी "कामं असतात गं" म्हणते आणि समोरच्याला वाटतं बिचारी अडकली घरात. तर आज नीट सांगते.

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो, सावईवेऱ्याच्या बाजूला. समुद्र इथून दिसत नाही. डोंगराच्या उतरणीवर पोफळी, मधेमधे माड, खाली केळी, पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, आणि वर भरडावर, म्हणजे खडकाळ माळावर, काजू. कुळागर म्हणतात याला. आमचं काही फार मोठं नाही, घरच्या माणसांनी आणि अधूनमधून एखाद्या गड्याच्या मदतीने सांभाळता येईल एवढंच. सोमवार ते शुक्रवार मी बसने पणजीला, नवरा कुंडईला कारखान्यात, लेक शाळेत, म्हणजे उजेड असताना परसात पाय ठेवायला मिळतो तो याच दोन दिवसांत.

आणि गोव्यातला वसंत ही काही लांबून बघायची गोष्ट नाही हो, तो अक्षरशः खाली पडतो. आधी काजू पडतो, मग आंबा, मग भिरंड म्हणजे कोकमाचं फळ, आणि पडलेलं त्याच दिवशी उचललं नाही तर दुसऱ्या दिवशी ते तुमचं नसतं, मुंग्यांचं आणि माकडांचं असतं. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे. या दिवसांत घरी असणं म्हणजे बाहेर जायचं राहून गेलं असं मला कधीच वाटत नाही, उलट बाहेर गेले तर वाटतं की तिकडे परसात काहीतरी आपल्याशिवाय होऊन गेलं.

मार्चमधला शनिवार सांगते. ऊन चढायच्या आत भरडावर जायचं, कारण साडेनऊनंतर तिथला दगड तापतो. काजूचं बोंड झाडावरून ओढून काढायचं नाही, पिकून आपणहून खाली पडलेलंच घ्यायचं, तेच गोड. पिळून बी वेगळी करायची, बी गोणपाटावर उन्हात, बोंडं बादलीत. आमची बोंडं शेजारचे काका दारूच्या भट्टीसाठी नेतात, त्यांच्याकडे पहिल्या धारेचा हुर्राक निघतो आणि तो परत गाळला की फेणी, जिला 2009 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. आम्ही पिणारी माणसं नव्हेत पण नीरो मात्र हवाच, म्हणजे बोंडं चेचल्यावर नुसत्या वजनाने जो रस आपणहून गळतो तो. तो सकाळी सकाळीच प्यायचा, दुपारपर्यंत आंबायला लागतो, त्यामुळे बाटलीत भरून पुण्याला पाठव असं मला कोणी सांगू नका, त्यासाठी इथेच यावं लागतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे झाड ब्राझीलहून आणलं असं वाचलं की मला दर वेळी नवल वाटतं, कारण आता काजूशिवायचा गोव्याचा उन्हाळा मला डोळ्यांसमोरच आणता येत नाही.

त्याच सुमारास ओले बिबे. काजूची हिरवी बी फोडून आतला कोवळा गर काढायचा, सालीचा चीक हाताला भाजतो म्हणून आधी खोबरेल तेल चांगलं चोपडायचं, गर गरम पाण्यात टाकून वरचं पातळ साल सोलायचं. वाटीभर बिबे काढायला तास जातो, खोटं कशाला सांगू. पण त्या बिब्यांचं तोंडाक, म्हणजे रस्साभाजी, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घालून केलेलं, आणि बरोबर गरम पाव. बाजारात सोललेले बिबे मिळतात, महाग असतात, आणि ते महाग का असतात हे एकदा स्वतः सोलल्यावर कळतं, मग भाव करावासा वाटत नाही.

मिरीचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. घोसात एखाद-दुसरा दाणा लाल-केशरी झाला की घोस काढायला आला. बांबूची एकदांडी शिडी पोफळीला टेकवून नवरा वर चढतो, मी आणि लेक खाली गोळा करतो. मग दाणे चोळून देठापासून सुटे करायचे, सासूबाई ते कापडात बांधून उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर बुडवतात, त्याने रंग सारखा काळा येतो आणि दाणा लवकर वाळतो. मग अंगणात चटई. सकाळी हिरवे पसरलेले दाणे संध्याकाळपर्यंत तपकिरी, पुढच्या शनिवारी बघावं तर काळेभोर, सुरकुतलेले, मुठीत घेतले की खडखड वाजतात. तीन किलो ओल्या मिरीची साधारण एक किलो सुकी होते. तेव्हा घरची मिरी कोणी थोडीशी पुडीत बांधून दिली तर ती थोडीशी नसते, एवढं लक्षात ठेवा.

घराची साफसफाई वगैरे असते ती तुमच्यासारखीच, त्यात काय सांगायचं, गोधड्या उन्हात घालणं, माळा झाडणं, डबे घासणं. एक मात्र आमच्याकडे वेगळं, नळे म्हणजे कौलं परतणं. कौलारू घर आहे ना, माकडं उड्या मारून कौलं सरकवतात, फोडतात, आणि पाऊस यायच्या आत एकेक नळा काढून झाडून फुटका बदलून परत लावावा लागतो. माणूस मिळवणं अवघड झालंय, तरुण मुलं या कामाला येत नाहीत, म्हणून एप्रिलमधला एखादा रविवार आधीच ठरवून ठेवावा लागतो आणि त्या दिवशी घरभर वर्षाची धूळ पडते, स्वयंपाक मागच्या पडवीत चुलीवर. मला तो दिवस फार आवडतो. छप्पर उघडं असताना आतल्या खोल्यांत जो उजेड येतो तो एरवी वर्षभर येत नाही, आणि चुलीवरची पेज, तिच्याबरोबर खारं म्हणजे सुकी मासळी, आणि तोर.

हां, तोर. चेपणीची तोरं हे फेब्रुवारी-मार्चमधलं काम. कोवळ्या कैऱ्या देठासकट काढायच्या, खाली आपटू द्यायच्या नाहीत, धुऊन पुसून बरणीत एक थर मीठ एक थर तोरं असं भरायचं आणि वर जड दगड. मिठाचं पाणी सुटतं, तोरं सुरकुततात, आणि पावसात जेव्हा ताजी भाजी महाग आणि मासळी बंद तेव्हा पेजेबरोबर हेच. आमच्याकडचं उन्हाळ्यातलं अर्धं काम हे पावसाळ्याच्या जेवणाचं असतं. या पावसाळी बेगमीला पुरुमेंत म्हणतात, हिंदू-ख्रिश्चन सगळ्यांच्या घरात हाच शब्द. सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, चिंच, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ, वर्षाची मिरची. मिरचीसाठी आम्ही खोल्याची घेतो, काणकोणच्या डोंगरउतारावरची, तिलाही जीआय मिळालाय, पण सासूबाई त्याच्याही कितीतरी आधीपासून तीच घेत आल्यात कारण हुमणाला, म्हणजे मासळीच्या कढीला, रंग तिचाच. या खरेदीसाठी मात्र एखाद्या शुक्रवारी रजा टाकून म्हापशाला जाते, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मेमध्ये बघावा.

आता बागेचं. परसातल्या वाफ्यात तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, कायम. बी इतकं बारीक की नुसतं टाकलं तर एका जागी ढीग पडतो, म्हणून राखेत मिसळून पसरायचं, महिन्याभरात भाजी तोडायला. ओलं खोबरं, कांदा, हिरवी मिरची आणि फणसाच्या आठळ्या, बस, दुसरं काही घालू नका. उन्हाळ्यात खरी काळजी पाण्याची असते, विहीर एप्रिलपासून खाली जाते, म्हणून पाणी कमी घालायचं आणि घातलेलं टिकवायचं. पोफळीच्या बुंध्याला पातेरा म्हणजे वाळका पाला, भरपूर, आणि माडाच्या आळ्यात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पुरायची, पोकळ बाजू वर करून, म्हणजे वाटीसारखं पाणी धरून ठेवतात. आमच्या सासऱ्यांनी पुरलेली सोडणं खणताना अजून सापडतात, मऊ झालेली, ओलसर, आणि त्यात माडाची बारीक मुळं शिरलेली. लोक पातेरा जाळतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. ते जमिनीचं पांघरूण आहे, का जाळायचं ते?

सकाळच्या वेळी सुरंगीची फुलं. आमच्याकडे झाड नाही, वाटेवर एकाचं आहे, फांद्यांना चिकटून कळ्या येतात आणि उमलायच्या आत काढाव्या लागतात म्हणून ती माणसं पहाटेच झाडावर. वळेसर म्हणजे गजरा घेतला की दोन दिवस घर घमघमतं, सुकल्यावरसुद्धा. सीझन छोटा असतो, मार्च-एप्रिल, संपला की वर्षभर नाही. मोगरा तरी नंतर मिळतो, सुरंगी नाही.

आता स्वयंपाक, कारण रविवारचं जेवण हे या सगळ्याचं टोक आहे. सोमवारी आमच्याकडे शिवराक म्हणजे शाकाहारी, म्हणून रविवारी मासळी हवीच. मार्चमध्ये सुंगटाच्या हुमणात तोर, नंतर बांगड्याला तेफळं म्हणजे तिरफळं, आणि आंबटाला परसातलीच बिमलं, ती लहान आंबट फळं, चिंचेला हात लावायची गरज नाही. पण मे महिन्यात मला विचाराल तर मासळीसुद्धा बाजूला ठेवा आणि सासव, म्हणजे आंब्याचं मोहरी घातलेलं कालवण, करा. मानकुराद कापून खायचा आंबा, त्याला 2023 मध्ये जीआय मिळाला ते योग्यच झालं, पण सासवाला मानकुराद नको, घोटं हवीत, रायवळ झाडाची छोटी, दोऱ्यावाली, रसाने फुटायला आलेली. साल काढायची, सालीला लागलेला रस थोड्या पाण्यात चोळून तोही घ्यायचा, गूळ, मीठ. ओलं खोबरं आणि सुकी मिरची बारीक वाटायची, आणि मोहरी अगदी शेवटी, जरा भाजून, दोनच वळसे, कारण मोहरी जास्त वाटली की कडवट होते. आम्ही वाटप मिक्सरवर करतो पण मोहरीसाठी रगडा, तिथे हाताला कळतं कधी थांबायचं ते. आंबट, गोड, तिखट आणि नाकात चढणारं, आणि घोट हातात धरून बाठा चोखत खायचं, चमच्याने नाही.

मेमध्ये भिरंडं. त्यांच्या सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, काम आठवड्याचं असतं, म्हणून शनिवारी सुरू करून पुढच्या शनिवारपर्यंत सासूबाई ते चालवतात. फळ फोडून आतल्या बिया गरासकट वेगळ्या, त्यावर मीठ, त्याचा रस सुटतो, सालं उन्हात वाळवायची, रात्री त्या रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात, असं रोज, सालं काळपट-जांभळी होईपर्यंत. बियांचं तेल निघतं, घट्ट गोळा होतो, पायांच्या भेगांना त्याच्यासारखं काही नाही. आणि या आठवड्यात एखादी अवकाळी सर आली तर सगळ्यांनी अंगणात धाव घ्यायची, चटया, सुपं, मिरच्या, सोलं सगळं आत. लेक याच्यात सगळ्यात तरबेज झालीये, ढग बघून सांगते.

मधल्या काळात शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, असतो. फोंड्याला रोमटामेळ, म्हणजे ढोलताशांच्या नाचत्या मिरवणुका, आणि चित्ररथ निघतात त्या संध्याकाळी आम्ही सगळे जातो, ढोल ऐकायला जातोच, आणि समुद्रही आवडतो मला, तुम्हाला वाटतं तसं नाही. डिसेंबरात जातो की. समुद्र तिथेच असतो वर्षभर. भिरंड असतं जेमतेम दीड महिना.

तर कोणाला यायचं असेल तर मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या, मिरी आणि सुरंगी तेव्हा संपलेली असेल पण घोटं, फणस आणि भिरंडं तिन्ही एकदम मिळतील. शनिवारी सकाळी आठच्या आत या, जुने कपडे घालून, कारण भिरंडाचा डाग जात नाही. फोडायला हात कमीच पडतात आमच्याकडे. आणि येताना रिकामी बरणी आणा, काचेची, प्लास्टिकची नको, सोलांचं मीठ त्यात चांगलं राहत नाही.