फरशीवरचा माणूस

मी म्युनिकमध्ये गाईडचं काम करते. उन्हाळी सुट्टीत महाराष्ट्रातून येणारे ग्रुप बहुतेक माझ्याकडेच असतात. मारिएनप्लात्झ, तिथल्या घड्याळातल्या नाचणाऱ्या बाहुल्या, जुळ्या मनोऱ्यांचं चर्च, आणि शेवटी प्रोमेनाडेप्लात्झ. तिथे एका जुन्या संगीतकाराच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर चाहत्यांनी मायकल जॅक्सनचे फोटो, फुलं, मेणबत्त्या मांडलेल्या असतात. समोरच्या हॉटेलात तो उतरायचा. सगळे तिथे फोटो काढतात आणि बसमध्ये बसतात.

त्या चौकाच्या कोपऱ्यावरून वळलं की बव्हेरियाचा, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी आहे त्या राज्याचा, एकेकाळचा मुख्यमंत्री कुर्ट आइसनर गोळ्या लागून पडला ती जागा लागते. आठ वर्षं मी तिकडे एकही ग्रुप नेला नव्हता. लोक सुट्टीवर आलेत, त्यांना कुठे खुनाची गोष्ट सांगायची, असं वाटायचं.

गेल्या मे महिन्यात नाशिककडचे एकतीस जण होते. दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, ट्रॅफिकमध्ये अडकलोय, पाऊण तास तरी लागेल. ऊन चढलं होतं, मंडळी कंटाळली होती. मी म्हटलं, चला, इथेच जवळ एक जागा दाखवते.

ती गल्ली आता बँकांची आणि महागड्या दुकानांची. फुटपाथमध्ये धातूची एक आकृती बसवली आहे. खुनाच्या जागी पोलीस खडूने काढतात तशी, पडलेल्या माणसाची बाह्यरेषा. वर अक्षरं कोरलेली. मी बोलायला उभी राहिले तेव्हा निम्मा ग्रुप तिच्यावरच उभा होता.

"तुमच्या पायाखाली माणूस आहे," मी म्हटलं. "इथेच त्याला मारलं."

एका आजींनी झटकन पाय मागे घेतला. मग वाकल्या, आकृतीच्या खांद्याला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, पण सगळे मागे सरकले आणि त्या माणसाभोवती रिंगण झालं.

मी सांगायला लागले. १९१८ चा नोव्हेंबर. चार वर्षांचं महायुद्ध, घरोघरी उपासमार. आइसनर मूळचा बर्लिनचा, ज्यू घरातला, लांब दाढीचा पत्रकार आणि नाट्यसमीक्षक. युद्ध थांबवा म्हणून त्याने जानेवारीत दारूगोळ्याच्या कारखान्यांतला संप उभा केला, त्यासाठी महिनोन्महिने तुरुंगात बसला. सुटून महिनाही झाला नव्हता. ७ नोव्हेंबरला, जिथे ऑक्टोबरफेस्ट भरतो त्याच मैदानावर सभा झाली. तिथून तो जमाव घेऊन बराकींकडे निघाला आणि एकेक बराक त्याला येऊन मिळाली. त्या रात्री बव्हेरियाचा राजा लुडविग तिसरा शहर सोडून पळाला. ७३८ वर्षांचं राजघराणं एका संध्याकाळीत गेलं, जवळजवळ रक्त न सांडता, आणि तेही बर्लिनमधल्या कैसरच्या दोन दिवस आधी. "काल ऑस्ट्रियातून येताना 'फ्रायश्टाट बायर्न', म्हणजे राजा नसलेलं मुक्त राज्य बव्हेरिया, अशी पाटी वाचलीत ना? ते नाव त्या रात्रीचं आहे."

निफाडकडचे एक काका होते, द्राक्षबागायतदार. इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "ह्याच्यात शेतकरी कुठं होते?"

मला आनंद झाला, कारण हे कोणी विचारत नाही. म्हटलं, काका, त्या मोर्च्यात आइसनरच्या हातात हात घालून चालणारा माणूस शेतकऱ्यांचाच पुढारी होता. लुडविग गांडोर्फर. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. तीन दिवसांनी मोटार अपघातात गेला बिचारा.

"आंधळा," काका एवढंच म्हणाले आणि आकृतीकडे बघत राहिले.

पुढचं सांगताना माझाच आवाज बदलला. आइसनर मुख्यमंत्री झाला. आठ तासांचा कामाचा दिवस आला, बायकांना मत मिळालं, शाळांवरची चर्चची देखरेख गेली. युद्ध पेटवण्यात जर्मनीचा किती हात होता ते दाखवणारी सरकारी कागदपत्रंही त्याने छापून टाकली, आणि तिथून अनेकांच्या डोळ्यांत तो देशद्रोही ठरला. जानेवारीत निवडणूक झाली. त्याच्या पक्षाला अडीच टक्के मतं, तीन जागा.

२१ फेब्रुवारी १९१९ ला तो कचेरीतून विधिमंडळाकडे पायी निघाला, राजीनामा द्यायला. जीव घेण्याच्या धमक्या रोजच्याच होत्या. सोबतचे म्हणत होते, मागच्या दाराने जाऊ. त्याने ऐकलं नाही. दोन-तीन मिनिटांची तर वाट. बावीस वर्षांच्या एका सरदारपुत्राने, अंटोन आर्को-व्हालाईने, मागून दोन गोळ्या झाडल्या. त्या मुलाला मृत्युदंड झाला, लगेच त्याची जन्मठेप झाली, आणि १९२४ मध्ये तो बाहेर आला.

"आणि अंत्ययात्रेला?" कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारलं.

"लाखभर माणसं."

"मग मतं का नाही दिली?"

याचं नेमकं उत्तर पुस्तकात सापडत नाही. मला वाटतं ते मी सांगितलं. जानेवारीत लोकांना घरात शांतता आणि पानात भाकरी हवी होती, आणि हा माणूस ती देईल असा भरवसा नव्हता. पण हरल्यावर खुर्ची सोडायला निघालेल्याला पाठीत गोळी घातली, हे त्यांना सहन झालं नाही. सत्तेवर येताना त्याने जाहीरनाम्यात लिहिलं होतं की प्रत्येक माणसाचा जीव पवित्र मानला जावा. त्याच्यानंतर ते कोणीच पाळलं नाही. एप्रिलमध्ये इथे सोव्हिएत धर्तीचं सरकार आलं आणि मेच्या सुरुवातीला सैन्याने ते चिरडताना शेकडो माणसं मेली.

आजींनी विचारलं, "समाधी कुठं आहे त्याची?"

सांगितलं. पूर्वेकडच्या स्मशानात अस्थी होत्या, १९३३ मध्ये नाझींनी तिथून काढल्या. आता शहराच्या उत्तरेला ज्यू दफनभूमीत आहेत. गुस्टाफ लांडाउअर हा त्याचा साथीदार, मे महिन्यात तुरुंगात मारला गेलेला. दोघांची कबर एकच आहे.

तेवढ्यात बस आल्याचा फोन आला. मंडळी निघाली, आकृतीला वळसा घालून, लहान मुलांचे हात धरून. काका मागे राहिले. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून बेदाण्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली.

"आमच्या बागेतले आहेत. तुमचं जाणं झालं तर ठेवा तिथं."

रविवारी गेले. दगडावर खडे ठेवलेले होते, ज्यू लोकांची तशी रीत आहे. त्यांच्या शेजारी मूठभर बेदाणे ठेवले.