आनंदवल्ली ते गंगापूर: तिसऱ्या खेपेला जमलेली वाट

नाशिकमधल्या आमच्या गल्लीतल्या ज्येष्ठ मंडळींना एकदा गोदाकाठानं चालवत न्यायचं, असं मी आषाढात कबूल केलं. बहुतेक सगळे सत्तरी ओलांडलेले, दोघांचे गुडघे बदललेले. म्हणून आधी स्वतः चालून वाट बघून ठेवणं भाग होतं. सोबतीला माझी धाकटी जाऊ. आनंदवल्लीपासून गंगापूर गावापर्यंत, साधारण सहा किलोमीटर. एका सकाळचं काम, असं मी धरून चालले होते. तीन खेपा लागल्या.

पहिली श्रावणात. नवश्या गणपतीचं दर्शन घेऊन नदीकडे उतरायला गेलो, तर खालच्या पायऱ्या पाण्यात. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होता. शहरात आपण रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघून पूर मोजतो. इथं तर धरण अगदी उशाशी. काठाची माती पायाखाली सरकत होती. जावेचा हात धरून परत फिरले.

दुसरी खेप ऑक्टोबरात, आणि चूक पूर्णपणे माझी. नकाशावर नदी दिसते म्हणजे काठानं सलग पायवाट असणार, हे मी गृहीत धरलं. तशी ती नाही. कुठं बंगल्याची भिंत, कुठं शेताचं तारेचं कुंपण, कुठं कमरेएवढं गवत. दोनदा मागं फिरून गंगापूर रोडला यावं लागलं आणि अकराच्या उन्हात सोमेश्वरला पोचेपर्यंत जाऊ अगदी गळून गेली. तिथल्या झाडाखाली बसून वहीत लिहून काढलं: जिथं नदी जवळ करता येते तिथं नदी, बाकी मुकाट्यानं रस्ता.

मार्गशीर्षात, सकाळी साडेसहाला निघालो, तेव्हा ती वाट खरी कळली.

आनंदवल्ली म्हणजे रघुनाथराव पेशव्यांचं ठिकाण. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून गावाचं नाव पडलं, असं इथं सगळेच सांगतात. इथं त्यांचा वाडा होता. पुतण्या माधवरावाशी बिनसलं, की राघोबादादा याच काठाला येत. १७६८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. आता आनंदवल्लीत इमारती इतक्या दाटल्या आहेत, की त्या वाड्याची कल्पना करायला नदीकडे तोंड करूनच उभं राहावं लागतं.

सोमेश्वरला महादेवाला नमस्कार केला, धबधबा बघितला. कातळावरून पाणी शांत घसरत होतं. श्रावणातलं रूप आठवलं आणि परत फिरलो ते बरं केलं असं वाटलं. तिथं चहा घेऊन पुढं निघालो. या टप्प्यात पेरूच्या बागा लागतात, हवा बदलते, शहर मागं पडतं.

गंगापूरला गोपिकाबाई राहत होत्या. नानासाहेब पेशव्यांची पत्नी, माधवरावांची आई. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर विश्वासराव गेला, जूनमध्ये पती गेले. पुढं माधवरावांशी खटका उडाला आणि त्या पुणं सोडून नाशिकला आल्या. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ ला धाकटा नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला, आणि त्या खुनात रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते रघुनाथरावांना, म्हणजे गोपिकाबाईंच्या सख्ख्या दिराला. तिन्ही मुलं गेलेली ही बाई पुढं नातवाला, सवाई माधवरावाला, रोज कसं वागावं याचा उपदेश लिहून पाठवते. १७८८ मध्ये ती गेली. पुस्तकात हे सगळं मी किती वेळा वाचलं होतं. पण आनंदवल्लीची पायरी उतरून तासा-दीड तासानं गंगापूरच्या काठाला पोचल्यावर पोटात कालवलं. एवढंसं अंतर.

जाऊ पाण्यात पाय सोडून बसली होती. म्हणाली, "ताई, म्हणजे मोठी जाऊ वर आणि धाकटी खाली. हिच्या काठाचं पाणी तिच्याकडे जायचं."

मी काही बोलले नाही. पंचवीस वर्षं आम्ही दोघी एका ओट्यावर स्वयंपाक करतोय.

गंगापूरला लागूनच गोवर्धन. हे नाव पेशव्यांच्याही सोळा-सतराशे वर्षं आधीचं. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे: गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले, २,००० दरमहा शेकडा एक व्याजानं आणि १,००० शेकडा पाऊण व्याजानं, मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि बाकी खर्च. गोवर्धनची पाटी बघितल्यावर मला ती मुदत ठेवच आठवली. आमच्या मंडळींत बँकेतून निवृत्त झालेले दोघं आहेत, त्यांना हे सांगायचं असं तिथंच ठरवलं.

परतीच्या बसमध्ये वहीत शेवटची दुरुस्ती केली. वाट उलटी चालायची. सकाळी बसनं थेट गंगापूर, तिथून पाण्याच्या बाजूनं खाली. चढ वाचतो आणि ऊन पाठीवर येण्याआधी सोमेश्वरची सावली मिळते. गुडघेवाल्या दोघांनी तिथं थांबावं, बाकीच्यांनी आनंदवल्लीपर्यंत यावं.

पौषात चौदा जण आले. सोमेश्वरला कुणीच थांबलं नाही. नवश्या गणपतीच्या पायऱ्यांवर सगळ्यात थोरल्या आजी बसल्या, पाण्याकडे बघत जावेला म्हणाल्या, "हे मघाचंच पाणी ना गं, गंगापूरचं?"