सार्लाची बरणी

फ्रान्समध्ये बोर्दोला लेकीकडे तीन आठवडे राहिले, पण लिहायचंय ते एकाच संध्याकाळबद्दल. द्राक्षमळ्यांचे फोटो फेसबुकवर आहेतच.

सार्ला या तिथल्या गावी गेलो ते चौकातल्या तीन ब्राँझच्या हंसांसाठी, फ्रान्स्वा-झाविए लालान यांच्या शिल्पासाठी. चौकाचं नावच 'हंसांचा बाजार'. गर्दी इतकी की फोटोत हंसांपेक्षा लोकांच्या टोप्याच जास्त. वैतागून गावाबाहेरच्या एका शेतावर गेलो.

हंस म्हणजे इथे गूस. आपण त्याला बदक म्हणून मोकळे होतो. युरोपातले पाळीव गूस मूळचे कलहंसाचे वंशज. घरामागे तुलूझ जातीची जोडी होती, करड्या रंगाची. गळ्याखाली गीर गाईसारखी पोळी लोंबते, पोट जमिनीला टेकतं. नर दहा किलोंच्या पुढे भरतो. चाल अशी, की जड शालू सावरत निघालेली विहीणबाईच! स्वभाव शांत. चारा मुख्यतः गवत, डोकं बुडेल एवढं पाणी हवं आणि रात्री कोल्ह्याच्या भीतीने कोंडायचं. वसंतात अंडी घालतात, महिनाभर उबवतात. शेतकरीणबाईंनी हे लेकीमार्फत सांगितलं आणि घड्याळ पाहिलं. चारायची वेळ झाली होती.

फोई ग्रा, म्हणजे घशात नळीने मका भरून फुगवलेलं यकृत, आता बहुतेक बदकांचंच करतात, पण या बाई गूसवरच आहेत. त्या स्टुलावर बसल्या, एकाला मांड्यांत धरलं आणि मानेच्या बुडाशी बोटांनी चाचपलं. आधीचा मका जिरला का, ते बघत होत्या. माझी आई तान्ह्याचं पोट चाचपायची अगदी तसंच. एकाचा जिरला नव्हता, त्याला तसाच सोडून दिला. दुसऱ्याच्या घशात नळी गेली, मका गेला, काही सेकंदांत नळी बाहेर. बाईंनी त्याच बोटांनी त्याची मान वरून खाली चोळली.

"आई, चल ना," लेक पाठ फिरवून म्हणाली.

मी हलले नाही. संपेपर्यंत बघत राहिले, आणि वर फोई ग्राची बरणी विकत घेतली. लेक गाडीत एक शब्द बोलली नाही. भारतात २०१४ पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे, म्हणून ती बरणी मी रात्री ओट्याशी उभ्याने पावाला लावून संपवली. चव लोण्यासारखी, चांगलीच. लेकीने नुसती खिडकी उघडली.