गाडी लावलीस का?

"गाडी लावलीस का गं?"

रात्री साडेदहाला स्वयंपाकघरातला दिवा मालवताना सासूबाई हे विचारतात. पाच वर्षांपूर्वी याच प्रश्नाचा अर्थ होता, गाडी फाटकाच्या आत घेतलीस ना. आता अर्थ आहे, वायर जोडलीस ना. एक अक्षरही न बदलता अर्थ कधी पालटला, ते आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही. 'लावणे' हे क्रियापदच सोशिक. आपण कुकर लावतो, कडी लावतो, फोन लावतो, दुसऱ्याला बोल लावतो. त्यातच विजेची गाडीही मुकाट बसली. मला विचाराल तर ती विरजणाच्या सगळ्यात जवळची. रात्री लावून झोपायचं, सकाळी लागलेलं असतं. आणि विसरलात तर पहाटे साडेपाचला भांड्यात नुसतं दूध.

मी दोनदा विसरलेय. दोन्ही वेळा एसटीनं गेले आणि दोन्ही वेळा खिडकीची जागा मिळाली, त्यामुळे फारसा पश्चात्ताप झाला नाही.

मी पुण्यात एका कंपनीत हिशेब तपासते आणि साताऱ्यात राहते. पुण्यात बिऱ्हाड करा, असं सगळ्यांचं सांगून झालं. सासूबाई अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं घर सोडायच्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. म्हणून सोमवार ते गुरुवार, जायला ११० किलोमीटर आणि यायला ११०. २०२१ च्या दसऱ्याला गाडी घेतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं. आज रविवारी गाडी पुसता पुसता आकडा पाहिला: १,५९,१६५.

हा आकडा मी हल्ली जरा जास्तच बघते. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. गाडी घेताना 'आठ वर्षं' ऐकून घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. हिशेब तपासणाऱ्या बाईनं तरी तेव्हा भागाकार करायला हवा होता. माझी आठ वर्षं सव्वाचार वर्षांतच संपत आली.

या गाडीनं मला सातारा-पुणे रस्ता दाखवला असं म्हटलं की नवरा हसतो, कारण लग्न झाल्यापासून मी या रस्त्यानं एसटीनं, जीपनं आणि आमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीनं शेकडो वेळा गेलेय. पण तेव्हा तो मला नुसता घड्याळात ठाऊक होता. भुईंज किती वाजता, शिरवळ किती वाजता. पुण्याला जाणं म्हणजे उतरणं आहे, हे पेट्रोलच्या गाडीनं कधी कळूच दिलं नाही. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर, पुणे ५६० वर. मधले १८० मीटर. गाडी आणि मी मिळून दीड टनाला थोडं कमी भरतो (त्यातलं माझं किती ते विचारू नये), तेवढं वजन १८० मीटर उचलायला साधारण पाऊण युनिट वीज लागते. शिवाय जाताना खंबाटकीचा डोंगर बोगद्यातून, त्याच्या पोटातून पार करायचा आणि येताना घाट चढून, त्याच्या डोक्यावरून. हे सगळं पडद्यावर रोज उमटतं. जाताना ५६ टक्के बॅटरी जाते, येताना ६३; मधे पुण्यात ती पुन्हा भरून घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, संध्याकाळी गाडी दमते. दमायची मी.

खंबाटकीचा माथा ओलांडून वेळ्याकडे उतरायला लागलं की टक्के वाढतात. नव्या माणसाला बाजूला बसवलं की मी हा खेळ हमखास दाखवते. पाय उचलला की मोटर उलटं काम धरते, चाकांनी फिरवलेली जनित्र होते, आणि गाडी कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी हळू होत उतरते. चढताना घातलेलं सगळं काही परत मिळत नाही. तीनातले दोन रुपये मिळाले तरी खूप. पण पेट्रोलच्या गाडीनं उतारावर एक थेंब कधी टाकीत परत टाकल्याचं मी ऐकलेलं नाही.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलापर्यंतचा लांब उतार आहे. तिथले अपघात पुण्यातल्या माणसाला सांगायला नकोत. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रल करून सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. तोच उतार, तीच काटकसरीची बुद्धी. ट्रकवाला गाडी मोकळी सोडून वाचवायला बघतो, मी अडवून धरून वाचवते. आरशात मागचा ट्रक मोठा व्हायला लागला की मात्र मी वाचवावाचवीचं सगळं विसरून डावीकडे सरकते.

एक गोष्ट गाडी देताना कुणी सांगितली नव्हती. बॅटरी पूर्ण भरलेली असली की गाडी परत वीज घेत नाही. भरल्या हंड्यात पाणी ओतायचं कुठे? आमचं घर चढावर, म्हणजे दिवसाची सुरुवातच उतारानं. पहिल्याच सकाळी शंभर टक्क्यांवर निघाले, पाय उचलला, आणि मागून पदर धरणारं कुणी नव्हतं. वळणावर दूधवाल्याची सायकल. ब्रेक अर्थातच होता, लागलाही. पण आदल्या दिवसाच्या फेरीत पडलेली सवय त्या वळणावर मोडली. तेव्हापासून एरवी मी नव्वदवर थांबवते. महिन्यातून दोनदा मात्र शंभर करावेच लागतात, आणि त्याचं कारण मला माझ्या धंद्यामुळे फार आवडतं.

माझ्या गाडीच्या पोटात लोह आणि फॉस्फेटची लिथियम बॅटरी आहे. तिचा स्वभाव असा, की भरलेली असो वा अर्धी, तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) जवळजवळ सारखाच राहतो. तांब्याच्या हंड्यात पाणी किती, हे बाहेरून दिसत नाही, तसं. मग गाडीतला संगणक काय करतो, तर वाण्यासारखी वही ठेवतो. एवढे आत आले, एवढे बाहेर गेले, म्हणजे एवढे शिल्लक. रोजची थोडी थोडी चूक साठत जाते आणि वहीतली शिल्लक नि गल्ल्यातली शिल्लक यांचा मेळ बसेनासा होतो. शंभर टक्के भरलं की हंडा काठोकाठ आहे एवढं तरी नक्की कळतं आणि वही पुन्हा खरी होते. हा कंटाळा मी एकदा दोन महिने केला. किकवीच्या पुढे घरी पोचण्यापुरते टक्के दाखवणारी गाडी सारोळ्याच्या पुलावर एकदम निम्म्यावर आली. खाली नीरा, पुढे सातारा जिल्हा. शिरवळला अर्धा तास चार्जरवर उभी राहिले, घरच्यापेक्षा दुप्पट दरानं, आणि मिसळही खाल्ली. वहीचा मेळ न घातल्याचा दंड असतोच. मी आयुष्यभर तो दुसऱ्यांना भरायला लावला आहे.

ही लोह-फॉस्फेटची कल्पना १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून आली. त्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची दोन नावं आहेत. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, लिथियम बॅटरीच्या एकूण कामासाठी, वयाच्या ९७ व्या वर्षी. बॅटरीचं वय झालं का हो, असं कुणी विचारलं की मला आधी हे आजोबा आठवतात.

आणि हा प्रश्न विचारतातच. पूर्वी शेजारचे काका "ॲव्हरेज किती देते?" विचारायचे, आता "अजून किती जाते?" विचारतात, आणि त्या 'अजून'मध्ये आजारी माणसाची चौकशी असते. नवी असताना ऐंशीच्या वेगानं २१५ किलोमीटर जायची, आता १८५ जाते. आठशेच्या आसपास वेळा पूर्ण रिकामी होऊन पूर्ण भरावी एवढं तिचं काम झालंय. काका हे ऐकून मान हलवतात. त्यांना मोठी पडझड ऐकायची असते.

पडझड झाली होती, पण काकांना मी सांगितलं नाही. १,१२,००० च्या सुमाराला पल्ला एका महिन्यात चाळीस किलोमीटरनं घटला. बॅटरी म्हणजे एकामागे एक जोडलेले पुष्कळसे सेल. त्यातला एक कच्चा निघाला की बाकीचे भरलेले असले तरी गाडी त्या कच्च्याच्या चालीनं थांबते, दिंडीत सगळ्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या पावलानं चालावं तशी. सर्व्हिसवाल्यांनी आधी सॉफ्टवेअर बदललं. मग 'तुमच्या चालवण्यात फरक पडला असेल' असं सांगितलं. मी माझी वही काढली: तारीख, निघतानाचे टक्के, पोचतानाचे टक्के, तीन वर्षांची. समोरच्या मुलानं दोन पानं उलटली आणि साहेबांना बोलावलं. त्या सेलचा अख्खा संच वॉरंटीत बदलून मिळाला. गाडी एकोणीस दिवस तिथे होती आणि मी एसटीत. या वेळी खिडकीची जागा रोज काही मिळाली नाही.

पण मला रस्त्यात बसवलं ते मोठ्या बॅटरीनं नव्हे. जुलैतला धो-धो पाऊस, सुरूर फाट्यावर चहाला थांबले, परत आले तर गाडी उघडेना. किल्लीचं बटण दाबून दाबून अंगठा दुखला. शेवटी किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, तर आत काळोख. मोठ्या बॅटरीत ४८ टक्के होते, मी उतरताना पाहिले होते. पण गाडी बंद असते तेव्हा मोठी बॅटरी कुलपात असते, आणि ते कुलूप उघडायला एक साधी बारा व्होल्टची, आपल्या नेहमीच्या गाड्यांत असते तसली छोटी बॅटरी लागते. ती मेली होती. धान्यानं भरलेलं कोठार आणि किल्ली ज्याच्या कनवटीला, तो राखणदारच बेशुद्ध.

छोटा हत्ती घेऊन वाईहून भाजी टाकून आलेला एक मुलगा थांबला. त्याच्याकडे वायरी होत्या. बॉनेटखाली डोकं घालून त्यानं छोटी बॅटरी शोधली, वायरी लावल्या, आणि पडदा उजळला तसा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, म्हणजे विजेच्या गाडीला डिझेलच्या गाडीनं वीज दिली?" मी हो म्हटलं. "मंग आता माझ्याकडं बघून हॉर्न मारायचा नाय," असं म्हणून त्यानं वायरी गुंडाळल्या. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. छोटी बॅटरी आता मी दर दोन वर्षांनी, तक्रारीची वाट न बघता बदलते.

बाकी खर्चाचं फार लांबवत नाही. ऑइल नाही, क्लच नाही. ब्रेकचे पॅड अजून पहिलेच आहेत. वापर इतका कमी, की पावसाळ्यात दोन दिवस उभी राहिली तर डिस्कवर गंज धरतो आणि सोमवारी पहिला ब्रेक खरखरतो. टायर मात्र खाते. जड अंगाची आणि झटक्यात सुटणारी, त्यामुळे चौथा संच चाललाय. विजेचा मी काढलेला हिशेब २२,७०० युनिटांच्या आसपास जातो. जुनी गाडी लिटरला पंधरा द्यायची, म्हणजे तिनं एवढ्याच अंतराला दहा हजार सहाशे लिटर पेट्रोल प्यायलं असतं. पुढचा गुणाकार ज्याचा त्यानं करावा. नवऱ्यानं केला होता आणि दोन दिवस तो आपणच गाडी सुचवली असं सांगत होता.

घरातलं एक मत मात्र सुरुवातीला या गाडीच्या विरोधात होतं. आमची मांजर. जुनी गाडी संध्याकाळी आली की ती बॉनेटवर ऊब घेत पसरायची. ही आली आणि ऊब गेली. पहिल्या थंडीत ती दोन-तीनदा चढली, पंजा टेकवून बघितला आणि तिरस्कारानं उतरली. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं, की ही गाडी चालवल्यानं तापत नाही, लावल्यानं तापते. चार्ज होताना पुढच्या बाजूला थोडी ऊब येते, पंखा घुमतो. आता रात्री साडेदहाला सासूबाई विचारायच्या आत ती पोर्चमध्ये येऊन बसते. दोघींना उत्तर एकदमच मिळतं.

मागच्या आठवड्यात जुन्या गाड्या घेणाऱ्याला सहज विचारलं. गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं आकडा पाहिला आणि जी किंमत सांगितली, ती नव्या बॅटरीपेक्षा कमी होती. "वॉरंटी संपली की कुणी हात लावत नाही, मॅडम." काकांनी फाटकातून हे ऐकलं आणि आता तेही रोज विचारतात, काय ठरलं. काहीच ठरलेलं नाही. १,५९,१६५ ला ५६ टक्क्यांत पुण्याला जाते ती १,६०,००१ ला कशानं जायची थांबेल, ते मला कुणी समजावलेलं नाही. वही मात्र मी चालू ठेवलीय.

आजच्या आकड्यावरून मोजलं तर १,६०,००० गुरुवारी पुरे होतील, परत येताना, पुण्यापासून पासष्ट किलोमीटरवर, म्हणजे बरोबर खंबाटकीच्या चढावर. तिथे मला आकड्याकडे बघायला सवड नसते. पुढे उसाची ट्रॉली असते आणि तिला मागचा दिवा नसतो.