त्याला कसलं आलंय टेन्शन?

"तुझ्या भावाची बरी मजा आहे बाई, त्याला कसलं आलंय टेन्शन?" लग्नात, लिफ्टमध्ये, वाण्याकडे, कुठेही मला हे विचारतात. भाऊ 41 वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम असलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा आम्ही त्याला मावशीकडे धाडलं होतं. 'त्याला काय कळतंय, उगाच घाबरेल' असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. तेराव्यानंतर तो घरी आला, तर बाबांची खाट जागेवर नाही. "देवाघरी गेले," आईने सांगितलं.

दोन-तीन महिन्यांत त्याने कार्यशाळेत जाणं सोडलं. शर्टाची बटणं लावता येईनात. ताटात अर्धं जेवण टाकायचा, दुपारभर झोपायचा, तरी वजन वाढतच होतं. आणि उठला की देवघराची दारं उघडून आत वाकून बघायचा. दिवसातून दहादा. आई रडायची, "डोक्यावर परिणाम झाला गं."

पहिल्या डॉक्टरांनी त्याला हातही न लावता मला सांगितलं, "अशा मुलांचं होतं असं." (बाप्या माणूस, पण 'मूल'!) याला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात, हे मला पुढे कळलं. अपंगत्व एवढं डोळ्यांत भरतं की मागचा आजार कोणी बघतच नाही. माझ्या मनात भीती होती ती अल्झायमरची, आणि ती अगदीच खुळी नव्हती. अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं त्या अमायलॉइड प्रथिनाचं जनुक 21व्या गुणसूत्रावरच असतं आणि डाउन सिंड्रोम असलेल्या लोकांत त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. त्यामुळे विस्मरण चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतं.

पण दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला लावलं. थायरॉइड पार मंदावलेलं. डाउन सिंड्रोममध्ये ही तपासणी दरवर्षी करायची असते, आमची सहा वर्षं राहून गेली होती. चूक माझीच. कानात मळाचा दगड झालेला, यांच्या कानाची नळी मुळातच अरुंद. आम्ही म्हणत होतो त्याला कळत नाही, त्याला ऐकूच येत नव्हतं.

गोळीने झोप कमी झाली, वजन थांबलं. देवघर मात्र सुटेना.

2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार म्हटलेलं नाही, ते योग्यच आहे. म्हणून अशा माणसाला नैराश्य येतच नाही असं थोडंच आहे? समुपदेशक बाईंनी विचारलं, "वडील गेले हे त्याला कोणत्या शब्दांत सांगितलंत?" मी सांगितलं आणि सांगता सांगताच गप्प झाले.

त्या संध्याकाळी बाबांचा फोटो हातात देऊन त्याला म्हटलं, "बाबा मेले." तो रडला, खूप वेळ. महिन्याभराने पुन्हा कार्यशाळेत जायला लागला.

यंदा श्राद्धाला येणाऱ्या प्रत्येकाला तो दारातच सांगत होता, "बाबा मेले." मावशीला काही ते आवडलं नाही. "असं नाही रे बोलू. देवाघरी गेले म्हणावं."

"तिथे नाहीत," तो म्हणाला. "बघितलं मी."